सतरंजीच्या कडेशी

मंजिरी कर्णिकला माणसांच्या पायांविषयी बरीच माहिती होती आणि माणसांविषयी बेताचाच आदर होता. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या एका प्रयोगशाळेत ती बुटांच्या तळांची परीक्षा घेत असे: ओल्या फरशीवर कोणता तळ घसरतो, कोणता लवकर झिजतो, टाचेखाली किती भार येतो. जे मोजता येत नाही त्यावर तिचा विश्वास नव्हता. याला अपवाद एकच. यशोधन मोघेने तिचा केलेला अपमान तिला कोणत्याही एककात मोजता आला नव्हता, तरी तो अस्तित्वात आहे याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती.

अपमान झाला तो १९९१च्या जुलैत. मेडनहेडच्या पुढे, नदीकाठच्या एका जुन्या मॅनरच्या, म्हणजे जमीनदारी वाड्याच्या, कुरणावर दर उन्हाळ्यात एलिझाबेथकालीन जत्रा भरत असे. एलिझाबेथ अर्थातच पहिली. एका हौशी सोसायटीचे सभासद त्या दिवशी चारशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून लोहार, विणकर, उमराव आणि भिकारी होत, आणि गावोगावचे लोक तिकीट काढून त्यांना बघायला येत. सोसायटीत मराठी घरं दोनच. यशोधन आणि त्याची बायको रश्मी आधी गेले होते. मंजिरीला आणि तिच्या नवऱ्याला, अतुलला, त्यांनीच ओढून नेलं होतं. अतुलला भाला धरून उभं राहायला मिळे, तेवढ्यावर तो खूश होता. मंजिरी गेली ती एका तंबूसाठी.

तो काळ्या कापडाचा तंबू तिने स्वतः शिवला होता. एका बाजूला बारीक छिद्र, समोर ताणलेली पांढरी चादर. आत जाऊन डोळे अंधाराला सरावले की बाहेरची सगळी जत्रा चादरीवर उमटे, रंगांसकट, हालचालींसकट आणि उलटी. त्या काळच्या विद्वानांना ही युक्ती ठाऊक होती, म्हणून ती नियमात बसत होती. प्रकाश सरळ रेषेत जातो हे लोकांना डोळ्यांनी दाखवायचं, एवढीच मंजिरीची हौस. पदरात दोन पदव्या असलेल्या बाईची ही एवढीच चैन होती.

यशोधन हा सोसायटीचा 'अस्सलपणा अधिकारी' होता. हे पद खरोखरच होतं. जत्रा सुरू होण्यापूर्वी फाटकाशी उभं राहायचं, आणि कुणाच्या मनगटावर घड्याळ, कपड्याला चेन, नाकावर आधुनिक चष्मा असेल तर परत पाठवायचं. पूर्वी नियम सैल होता. चार हातांवरून दिसत नाही ते चालतं, असं सगळे मानत. यशोधनने तो कडक केला. 'दिसो वा न दिसो' हे शब्द त्याने सोसायटीच्या सभेत नियमात घालून घेतले. इंग्रजांनी हात वर करून मंजुरी दिली, कारण चहा थंड होत होता. एलिझाबेथच्या इंग्लंडची एवढी काळजी वाहणारा तिथे तो एकटाच होता, आणि तो डोंबिवलीचा होता.

त्या वर्षी मंजिरीची टाच दुखत होती. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना सुई टोचावी तशी कळ येई. म्हणून तिने पायघोळ झग्याखाली धावायचे बूट घातले होते. यशोधनने तिला थांबवलं, हातातल्या काठीच्या टोकाने झग्याची कड भर फाटकात, शंभर माणसांसमोर वर उचलली, आणि इंग्रजीत म्हणाला, "अरेरे. महाराणींच्या दरबारात हे सापडले नसते." मग हलक्या आवाजात मराठीत, "कार पार्कमध्ये जाऊन बस, मंजिरी. सावली बरी आहे तिथे."

"यशोधन, माझी टाच दुखतेय."

"सोळाव्या शतकात कुणाचीच टाच दुखत नव्हती. दुखते असं सांगणारं कुणी नव्हतं ना."

बूट जप्त झाले, कारण तसा नियम होता, आणि ती मोज्यांनी खडीवरून चालत गाडीपर्यंत गेली. जत्रा संपेपर्यंत तिथे बसली. तिचा तंबू रश्मीकडे देण्यात आला. संध्याकाळी कळलं, की रश्मीने दिवसभर लोकांना तो 'जादूचा तंबू' म्हणून दाखवला आणि उलट्या चित्राचं कारण विचारणाऱ्यांना 'आत्मे' असं उत्तर दिलं.

खडी मंजिरीने सोसली असती. आत्मे तिला सोसवले नाहीत.

पुढे वर्षभर यशोधन हा किस्सा सांगत राहिला. गणपतीत सांगितला, कोजागिरीला सांगितला, कुणाच्या तरी मुलीच्या बारशात सांगितला. सांगताना तो काठी उचलल्याची नक्कल करी आणि मग पंजांवर खडीतून चालून दाखवी. तो चांगला नकलाकार होता हे मंजिरीलाही मान्य करावं लागे. लोक हसत, अतुलही एकदा हसला. मंजिरी हातातल्या पेल्याकडे बघत बसे. यशोधनला त्याच खडीवरून, त्याच मोज्यांनी, तेवढ्याच माणसांदेखत चालायला लावायचं, हे तिने मनाशी ठरवलं होतं. कसं, ते माहीत नव्हतं.

ते दिवाळीत कळलं.

फराळाला मोघे जोडपं पिनरला मंजिरीच्या घरी आलं, तेव्हा यशोधनच्या पायात जत्रेचेच बूट होते. तपकिरी चामड्याचे, वर दोन बंद, डावा-उजवा भेद नसलेले, कारण त्या काळाच्या अखेरीस असे सरळ साच्याचे बूट निघाले होते. "असे बूट पायावर मुरवावे लागतात," तो दारातच अतुलला सांगू लागला. "मी हिवाळाभर घालतो. आत काही नाही. चामडं आणि पाय, बस."

बोलता बोलता त्याने वाकून बंद सोडले, बूट उंबऱ्याशी काढले आणि चकलीच्या दिशेने निघून गेला.

इंग्रज सभासदांपैकी कुणाच्याही घरी त्याने हे केलं नसतं. त्यांच्याकडे बूट घालूनच गालिच्यावर बसतात. पण मराठी घराच्या दारात आलं की बूट आपोआप उतरतात. त्यासाठी डोक्याची गरज लागत नाही. मंजिरी पोर्चमधले बूट नीट लावायला वाकली. बूट हातात आला की बोटं आत घालायची, ही तिची धंद्याची सवय. बोटांना आत चामडं लागलं नाही. काहीतरी मऊ, थंड आणि चिकटसर लागलं. तिने बूट दिव्याखाली धरला. तळाशी, नीट कापून बसवलेला, चकचकीत निळा जेलचा तळवा होता. केमिस्टकडे मिळतो तसला. टाचेच्या जागी खोल खळगा पडला होता.

म्हणजे त्याचीही टाच दुखत होती.

तिने बूट होता तसा, होता त्या कोनात परत ठेवला आणि आत जाऊन यशोधनला आणखी दोन करंज्या वाढल्या.

बूट कुणाला काढायला लावता येत नाहीत. ती चारचौघांत म्हणाली असती की काढ, तर त्याने हसून उडवून लावलं असतं आणि दुसऱ्या दिवशी जेलचा तळवा कचऱ्यात गेला असता. बूट त्याने स्वतःहून काढायला हवे होते, सगळ्यांसमोर, आणि काढतोय हे त्याच्या ध्यानात यायच्या आत. उंबरा कुरणावर नेता येत नाही. पण सतरंजी नेता येते.

एप्रिलमध्ये एका रविवारी तिने दोन्ही घरांची सहल काढली. पार्कात गवतावर सतरंजी अंथरली, मध्ये डबे मांडले आणि बाजूला उभी राहिली. यशोधन गाडीचं इंजिन या विषयावर अतुलशी वाद घालत आला, सतरंजीच्या कडेशी थांबला, वाद न थांबवता बूट काढले आणि मांडी घालून बसला. बुटांकडे त्याने पाहिलंदेखील नाही. एका निरीक्षणावरून सिद्धांत मांडणं मंजिरीला पटण्यासारखं नव्हतं, म्हणून मेच्या सुट्टीत तिने पुन्हा सहल काढली. निष्कर्ष तोच.

"हल्ली तुला यशोधनचा फार पुळका आलाय," अतुल म्हणाला.

"मी त्याचा अभ्यास करतेय."

प्रयोगशाळेतल्या बाईशी संसार केल्याने काही प्रश्न न विचारलेले बरे असतात, हे अतुल शिकला होता.

दरम्यान स्वतःच्या पायांचा प्रश्न होताच. दुसऱ्याचा बूट उलटा करायचा असेल तर आपला आधी निर्दोष हवा. मंजिरीने नॉर्थॅम्प्टनच्या एका कारागिराकडून जुन्या पद्धतीचे बूट घेतले, मुद्दाम एक माप मोठे, म्हणजे आत भर घालायला जागा राहील. भर कसली, तर त्या काळी मिळत होतं तेवढ्याचीच. बूच मिळत होतं. श्रीमंतांच्या बुटांत ते घालत. लोकर मिळत होती, म्हणजे ती दाबून केलेला नमदाही मिळत होता. चामडं, ताग, मेण. या सामानात टाचेला सुख देता येतं का, हा प्रश्न तिला तिच्या पगारी प्रश्नांपेक्षा रंजक वाटला.

पहिला प्रयत्न फसला. नुसता नमदा आठवड्याभरात दबून पापडासारखा झाला. दुसऱ्या प्रयत्नात तिने बूच घातलं, तर टाचेखाली गोटी ठेवल्यासारखं वाटू लागलं. मग तिने ओल्या पायाने कागदावर ठसा घेतला, आणि जिथे कळ येई नेमकी तिथे बुचाला वाटीसारखा खळगा कोरला. कडा उंच ठेवल्या, म्हणजे टाच पसरणार नाही. वर नमद्याचे दोन थर मेणाच्या दोऱ्याने टाचले. खालच्या गुळगुळीत चामड्याला सुरीने बारीक आडव्या चिरा पाडल्या, कारण ओलं गवत साबणासारखं असतं. ते बूट घालून ती पिनरच्या चढावरून रोज संध्याकाळी वरखाली करू लागली. समोरच्या घरातल्या बाईने तिला वेडी ठरवलं. जूनच्या अखेरीस सकाळचं पहिलं पाऊल सुईवाचून पडलं. सूड हे निमित्त ठरलं होतं, पण टाच खरोखर बरी होत चालली होती.

जत्रेच्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. मंजिरीने पहाटेच तंबू उभारला. गेल्या वर्षी छिद्र मॅनरच्या दर्शनी भागाकडे होतं; या वर्षी तिने ते कार पार्ककडे जाणाऱ्या वाटेकडे वळवलं. "दुपारी ऊन त्या बाजूला चांगलं पडतं," तिने अतुलला सांगितलं. हे खरंही होतं.

फाटकाशी यशोधन काठी घेऊन उभा होता, मखमली टोपी, गळ्याभोवती इस्त्री केलेली झालर. तिला बघताच त्याचा चेहरा खुलला. भोवती माणसंही जमली, कारण किस्सा सगळ्यांना पाठ होता.

"या, या. यंदा काय आहे झग्याखाली? रोलर स्केट्स?"

लोक हसले. मंजिरीने उजवा बूट काढून त्याच्या हातात दिला. त्याने आत हात घातला. काहीतरी आहे हे कळताच त्याची भुवई वर गेली, नमदा उचलून बूच दिसताच खाली आली.

"हे बूच..."

"चालतं. तुझ्याच सोसायटीच्या पुस्तकात आहे."

"नमदा?"

"लोकर. मेंढीची. मेंढी जुनी आहे, यशोधन."

पुन्हा हसणं झालं, पण या वेळी त्याची दिशा बदलली होती. सोसायटीच्या अध्यक्षा मिसेस हॉलिस, राखाडी केसांची एक प्रेमळ उमरावीण, पुढे झाल्या आणि त्यांनीही बुटात बोटं घालून पाहिली. "किती आरामशीर," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी कराल का हो?"

"आधी एक जेवण करू," मंजिरी म्हणाली. "दुपारी सगळ्या समितीने माझ्याकडे या. पुरणपोळ्या आणल्यात. बटाटा नाही, मिरची नाही, त्या काळानंतर आलेलं काहीच नाही. अधिकाऱ्यांना हरकत घेता येणार नाही."

पुरणपोळीचं नाव ऐकताच अधिकाऱ्यांची हरकत घेण्याची क्षमता संपली. मंजिरीला तेही माहीत होतं.

दुपारी ओकच्या झाडाखाली तिने सतरंजी अंथरली. मध्ये पुरणपोळ्या, तूप, केळीच्या पानाच्या आकाराच्या लाकडी ताटल्या. कडेने समितीच्या इंग्रज मंडळींसाठी बाकं, कारण मांडी घालणं त्यांना जमत नसे. पाच-सहा उमराव आणि उमराविणी येऊन बसल्या, रश्मी आली, अतुल भाला झाडाला टेकवून आला. शेवटी यशोधन आला. तो मिसेस हॉलिसना तलवारीच्या मुठीविषयी काहीतरी समजावून सांगत होता. सतरंजीच्या कडेशी तो थांबला, वाक्य चालू ठेवून वाकला, बंद सोडले, बूट काढून मागे सरकवले आणि पांढऱ्या मोज्यांनी सतरंजीवर चढून पोळीसमोर बसला. तूप वाढून झालं. त्याने पहिला घास तोडला.

मंजिरीने त्याच्या मागचे दोन्ही बूट उचलून मिसेस हॉलिसपुढे धरले.

"मिसेस हॉलिस, तुम्ही सकाळी विचारत होतात ना बुटांबद्दल? अधिकाऱ्यांचे स्वतःचे बघा. खरं तर नमुना हाच."

यशोधनचा घास तोंडापाशी थांबला. "मंजिरी, ठेव ते."

"आत काही नाही म्हणतो तो. चामडं आणि पाय."

मिसेस हॉलिसनी विश्वासाने बूट मांडीवर घेतले, एकात हात घातला, चेहरा गोंधळला, आणि त्यांनी तो निळा तळवा ओढून बाहेर काढला. उन्हात तो मासोळीसारखा थरथरला. बाकांवर कुणीतरी खोकलं.

"आहा," मिसेस हॉलिस म्हणाल्या. "बरं, यात काय एवढं. कुणाच्या पायाला थोडा आधार लागतो. मला वाटतं आपण हे..."

"दिसो वा न दिसो," मंजिरी म्हणाली. "गेल्या वर्षी मला हे इथेच समजावून सांगितलं गेलं."

"मंजिरी, माझी टाच दुखते," यशोधन मराठीत म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. निळ्या तळव्यावरचा खळगा तिने पाहिला होता.

"सोळाव्या शतकात?"

रश्मी म्हणाली, "एवढं करायची गरज होती का?"

"नव्हती. आत्म्यांचीही नव्हती."

मिसेस हॉलिस दोघींच्या तोंडाकडे बघत होत्या. भाषा कळत नसली तरी तापमान कळत होतं. त्यांनी पुन्हा समेटाचा सूर लावला, की नियमांकडे थोडं उदारपणे पाहावं, शेवटी सगळी हौसच आहे. मंजिरीने मान डोलावली आणि अत्यंत नम्र इंग्रजीत सांगितलं, की तिचीही हरकत नाही, फक्त न्याय सगळ्यांना सारखा हवा. तेव्हा सोपा उपाय असा, की इथे बसलेल्या सर्वांनी आपापले बूट काढून दाखवावेत. आत्ताच.

बाकांवरचे पाय एकेक करून झग्यांच्या आणि अंगरख्यांच्या खाली सरकले. एका उमरावाने टाचा बाकाच्या पार मागे नेल्या. मिसेस हॉलिसचा स्वतःचा उजवा पाय घाईघाईने डाव्यामागे लपला. समितीत आरामशीर नसलेला बूट बहुधा एकही नव्हता. यशोधनच्या नियमाला खरं मानणारी माणसं त्या कुरणावर दोनच होती, आणि दोघंही मराठी बोलत होती.

"यशोधन," मिसेस हॉलिस हळुवारपणे म्हणाल्या, "नियम तुमचाच आहे ना."

त्याने मदतीसाठी बाकांवर नजर फिरवली. सगळे पुरणपोळीचं निरीक्षण करत होते.

तो उठला. बूट मिसेस हॉलिसच्या मांडीवर होते आणि त्या ते परत देण्याच्या स्थितीत नव्हत्या. जप्तीचा नियमही त्याचाच. त्याने टोपी सरळ केली. मंजिरी त्याच्याजवळून जाताना थांबली.

"कार पार्कमध्ये सावली बरी आहे," ती म्हणाली. "गाडी झाडाखाली लाव फक्त. पाहिजे तर पोळी पाठवते."

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. "खळगा किती खोल केलास?"

तिला आकडा पाठ होता. त्याच्या टाचेसाठी कुठे, कसा कोरावा लागेल तेही त्याच्या तळव्यावरून तिला कळलं होतं. आठवड्याभरात त्याची कळ निम्मी झाली असती.

"सोळाव्या शतकात असं सांगणारं कुणी नव्हतं," ती म्हणाली आणि तंबूकडे निघाली.

तंबूबाहेर तिकीट काढून आलेली चार-पाच माणसं रांगेत होती. तिने त्यांना आत घेतलं, पडदा लावला, आणि डोळे सरावेपर्यंत थांबायला सांगितलं. अंधार हळूहळू पातळ झाला. चादरीवर प्रथम हिरवा पट्टा आला, वरच्या बाजूला, कारण ते गवत होतं. मग खडीची फिकट वाट. मग त्या वाटेवर, डोकं खाली आणि पाय वर, मखमली टोपीतला एक चिमुकला माणूस. त्याचे पांढरे मोजे उन्हात स्पष्ट दिसत होते. प्रत्येक पावलाला तो एक पाय झटकन उचलत होता, थांबत होता, पुन्हा टाकत होता. अगदी त्याच्याच नकलेसारखं.

"हे कसं होतं?" अंधारातून एका म्हातारीने विचारलं. "जादू आहे का?"

"नाही," मंजिरी म्हणाली. "प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून वरचं खाली येतं. एवढंच आहे."

तो माणूस चादरीच्या टोकापर्यंत पोहोचून दिसेनासा होईपर्यंत तिने कुणाला बाहेर सोडलं नाही. मग तिने पडदा उघडला आणि पुढच्या रांगेला बोलावलं. मंजिरी सकाळपासून उभी होती. बूट कुठेही लागत नव्हते.